प्रल्हाद शिंदे ऐकू येण्याच्या जागा

भोंगा

आजोळच्या गावात दोन भोंगे होते. एक मारुतीच्या पारावरच्या लिंबाला बांधलेला, तोंड वेशीकडं. दुसरा बौद्धवाड्यात निळ्या झेंड्याच्या खांबाला, तोंड शिवाराकडं. औसा तालुक्यातलं गाव, वस्ती दाटीची. एक भोंगा सुरू झाला की दुसऱ्या टोकाला ऐकू यायचाच, कुणाला हवा असो की नसो.

पारावरच्या भोंग्यावर पहाटे प्रल्हाद शिंदे लागायचे. पंढरी, चंद्रभागा, विठ्ठल. बौद्धवाड्यातला भोंगा १४ एप्रिलच्या आठवडाभर आधी खांबावर चढायचा, आणि त्यावरही प्रल्हाद शिंदेच. बाबासाहेब, रमाई, बुद्ध. आडावर पाणी भरायची पाळी वेगळी, मसणवटा वेगळा. हॉटेलात कपबशी वेगळी ठेवायची रीत तेव्हा कुठं मोडत होती. गाणारा माणूस मात्र दोन्ही टोकांना एकच. यावर गावात कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून बोलायचं नसतं अशा बऱ्याच गोष्टी गावात असतात, त्यातली ही एक.

भोंग्याचीही एक खोड होती. पत्र्याचा तो निमुळता कर्णा खालचे सूर खाऊन टाकतो. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची धूम, खर्जातला गळा, यातलं काही त्यातून धड बाहेर येत नाही. येतो तो वरच्या पट्टीतला मोकळा आवाज, पेटी आणि टाळ. शिंद्यांचा गळा नेमका त्या पट्टीतला. एखाद्या मोठ्या गवयाची तबकडी भोंग्यावर लागली की कुणीतरी नाकात बोलतंय असं वाटायचं. शिंदे मात्र दोन शेतं ओलांडून शब्दासकट पोचायचे. जात्यावर, गोठ्यात, हागणदारीच्या वाटेवरसुद्धा.

आता त्या जागी खोक्यांची भिंत असते. तिचा बेस छातीवर बसतो. शब्द विचारू नका.

देव्हाऱ्याची जागा

नांदेडला आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी १९५६ नंतर टाक गोदावरीत सोडले होते, आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो आला. त्याच कोनाड्यात पुढं बाबांनी टेपरेकॉर्डर ठेवला, कारण घरातलं एकुलतं बटन त्याच्या शेजारी होतं. बावीस प्रतिज्ञा आजीला तोंडपाठ. पहिल्या पाच-सहा प्रतिज्ञा देव मानणार नाही अशाच आहेत. आणि संध्याकाळी बाबा मिलमधून आले की त्या कोनाड्यातून विठ्ठल सुरू.

वस्तीतले कार्यकर्ते टोकायचे. "दादा, मोर्चात पुढं राहता आणि घरात पंढरपूर लावता?"

बाबा तंबाखू मळता मळता म्हणायचे, "देव त्यांचा असंल गा. आवाज आपला हाय."

पुष्कळ जण शिंद्यांची भक्तिगीतं एका वाक्यात मिटवतात: पोटासाठी गायले. मला हे कधीच पुरं वाटलं नाही. लहानपणी आईवडिलांच्या मागं भजन-कीर्तनाला फिरलेला हा माणूस. विठ्ठलाला घातलेली हाक आणि बाबासाहेबांना केलेलं वंदन, दोन्हीकडं त्याचं आर्जव एकाच मापाचं होतं. पोटासाठी गाताना एवढं आर्जव कुणी खर्चत नाही.

कॅसेटीवरचा कागद

भक्तिगीतांच्या कॅसेटीच्या डबीत घडी घातलेला कागद असायचा. त्यावर कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल, नाहीतर वाघावर बसलेली देवी, नाहीतर सोंडेचा गणपती. गायकाचं नाव खाली बारीक अक्षरात. फोटो असलाच तर टिकलीएवढा. त्यामुळं लातूर-नांदेडच्या खेड्यांतून लाखो लोक हा आवाज ओळखत होते आणि तोंड ओळखणारे थोडे. बहुतेकांनी त्यांच्या आडनावाचा विचार केलाच नाही. केला असेल, तर शिंदे हे आडनाव मराठ्यांतही असतं, आपल्यातही असतं. ते कानाला कुठं अडत नव्हतं.

शिंदे मूळचे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. तिथं गावकूस बांधताना ढासळलेल्या भिंतीखाली चोखोबा गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, देवळाबाहेर. पुढं सहाशेहून अधिक वर्षं तो दरवाजा त्यांच्या लोकांना बंदच राहिला. साने गुरुजी उपोषणाला बसले आणि १९४७ मध्ये तो उघडला. तोवर प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे झाले होते.

मग 'पाऊले चालती' आलं. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. आज आषाढीला पंढरीकडं निघालेल्या दिंडीत, एसटीत, मोबाईलच्या रिंगटोनमध्ये हेच गाणं असतं. ज्याच्या आवाजावर सगळा महाराष्ट्र पंढरीला चालतो, त्याच्या आजोबाला वारीच्या शेवटी बाहेर थांबावं लागत होतं. कॅसेटीच्या कागदावर हे छापलेलं नव्हतं. छापायला जागाही नव्हती. सगळी विठ्ठलानं घेतलेली.

छोटी गाडी

बार्शी लाईट रेल्वे. रुळांतलं अंतर अडीच फूट. लातूर, मधे कुर्डुवाडी, पुढं पंढरपूर आणि मिरज. आजोळचे लोक तिला छोटी गाडी म्हणायचे. आषाढीला डब्यात माणूस मावायचं नाही, टपावर गाठोडी आणि गाठोड्यांवर माणसं. खंजिरी वाजवत फिरणारा एखादा आंधळा गायक डब्यात असायचाच, आणि त्याच्याकडं शिंद्यांचीच गाणी. गाडी इतकी हळू की दोन स्टेशनांमध्ये त्याची चार गाणी व्हायची.

कुर्डुवाडी-पंढरपूर रूळ २००२ मध्ये रुंद झाले, लातूरकडचे २००७-०८ मध्ये. आता गाडीचा वेग वाढला आणि डब्यात जो तो कानात बोंडं घालून बसतो. याच रुंद रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. तिचं स्वागत हार घालून झालं. वारकऱ्यांच्या गाडीलाही आमच्याकडं कधी हार पडले नव्हते.

नव्वदची कॅसेट

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, मधे जगदंबेचं देऊळ. त्यातल्या एका रस्त्यावर कॅसेट भरून देणाऱ्याचं दुकान होतं. फळीवर पाटी: येथे सर्व प्रकारची गाणी भरून मिळतील. आत दोन डेक, भिंतभर कॅसेटी, खाली पोत्यात जुन्या तबकड्या. विकत कॅसेट घेणं सणासुदीचं. भरून घेणं रोजचं.

आधी यादी करायची. शाळेच्या वहीचं पान फाडून. आजोळच्या आजीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि मी लिहायचो. गाण्याचं नाव तिला माहीत नसायचं. "ते न्हाई का, देवाला इचारतंय, कवा पावणार म्हणून. ते." दुकानदाराला तेवढं पुरायचं. तो मान वर न करता विचारायचा, "साठची का नव्वदची?"

साठची टिकाऊ. नव्वदचं रीळ पातळ, उन्हाळ्यात टेपच्या रुळाला गुंडाळलं जायचं, मग ते बोटानं सोडवत बसा. तरी आम्ही नव्वदचीच घ्यायचो, कारण दोन्ही घरांचं त्यात भागायचं. ए बाजूला आजीची पंढरी, बी बाजूला बाबांची भीमगीतं. एकाच कॅसेटीवर, एकाच गळ्यात. दुकानदारानं यादी पाहून कधी भुवई उचलली नाही. अशा याद्या त्याच्याकडं रोज येत असणार.

शेवटी रीळ तीन-साडेतीन मिनिटं उरायचं. रिकामं सोडायला त्याला जीवावर यायचं, म्हणून तो पुढचं गाणं सुरू करून द्यायचा आणि ते कुठंही तुटायचं. आमच्या कॅसेटीवर एक भीमगीत दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर खटकन बंद होतं. पुढं कधीतरी ते पूर्ण ऐकलं तेव्हा उरलेली दोन कडवी मला कुणीतरी मागाहून जोडल्यासारखी वाटली. अजूनही वाटतात.

या भरलेल्या कॅसेटीतला पैसा ना कंपनीला जायचा, ना गाणाराला. कवीचं तर नावही त्यावर नसायचं. आम्ही आवडीनं ऐकत होतो आणि फुकटात ऐकत होतो, हे दोन्ही खरं.

दुरंगी सामना

पतंगी कागदावरचं हँडबिल. गुलाबी किंवा हिरवं, शाई हाताला लागणारी. वर मंडळाचं नाव, मधे ठळक: भीम-बुद्ध गीतांचा दुरंगी सामना. डावीकडं एका पार्टीचं नाव, उजवीकडं दुसऱ्या पार्टीचं. मी पाहिलेल्या सामन्यांत शिंदे स्वतः नसायचे. असायचे ते त्यांच्या गाण्यांवर उभे राहिलेले नांदेड-परभणी-हिंगोलीचे गायक. हँडबिलावर एखाद्याच्या नावापुढं कंसात 'ज्युनिअर प्रल्हाद शिंदे' लिहिलेलं असायचं. असे ज्युनिअर तेव्हा तालुक्याला एक तरी होते.

एप्रिलातलं नांदेड दिवसा भाजून काढतं. म्हणून सामना दहानंतर, जेवणं उरकून, रस्त्यावर मांडव घालून. बाया एका बाजूला सतरंज्या घेऊन, पोरं पुढं धुळीत. स्टेजवर पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या देणारे चौघे-पाच. आधी वंदना. मग बाबासाहेब. मग रमाईचं गाणं, त्याला बायांच्या बाजूनं नाक ओढल्याचे आवाज. खरा सामना बाराच्या पुढं. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं चालीत जवाब द्यायचा. कधी तो धम्मावर, कधी पुढाऱ्यांवर, कधी सरळ समोरच्या गायकाच्या टकलावर.

कव्वालीचा बाज या गाण्यात कुठून आला हे नांदेडला कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा निजामाचा मुलूख. माझ्या आजोबांच्या पिढीला कोर्टाची भाषा म्हणून उर्दू कानावरची. कंधारला हाजी सय्याह दर्ग्याच्या उरुसात कव्वाल बसायचे ते ऐकायला वस्तीतले लोक जायचे. त्यामुळं गाण्याआधी शेर टाकला की मागच्या रांगेतून दाद यायची, आणि दाद देणारा बहुधा रिक्षावाला असायचा. प्रल्हाद शिंदेही तरुणपणी इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला होते. देवाच्या गाण्यातही ओळ उचलून वर फेकायची त्यांची जी तऱ्हा, ती तिथली.

शेवटच्या अंतऱ्यात कवी आपलं नाव गुंफायचा. वामनदादा कर्डकांचं नाव आलं की टाळी ठरलेली. पोरांना बाबासाहेबांचं चरित्र पुस्तकातून नंतर कळलं. आधी कळलं ते या रात्रींत, महाडचं तळं, येवल्याची घोषणा, नागपूर, त्याच क्रमानं आणि चालीसकट.

मधेच बक्षीस. कुणीतरी मांडवातून उठून दोनची, पाचची नोट पुढं करायचा. गायक गाणं थांबवायचा, बेंजोवाला तारेवर हात ठेवायचा, आणि माईकवरून पुकारा: अमुक गल्लीचे अमुक यांच्याकडून पाच रुपये सप्रेम भेट, गायन पार्टी त्यांची आभारी आहे. मिलमध्ये, आडतीवर, बांधावर ज्यांना नुसतं "ए" म्हणून हाक मारली जायची, त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, भोंग्यातून अख्ख्या नांदेडला ऐकू जायचं. पाच रुपये त्या मानानं स्वस्तच.

नामांतराच्या वर्षांत या रात्रींचा रंग बदलला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं, ते त्याच वर्षी. पुढच्या सोळा वर्षांत त्यांचं नाव गाण्यांत येत राहिलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडातच गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. त्या थंडीत मांडवाच्या टोकाला पोलिसांची गाडी उभी असायची आणि गाणाराचा आवाज तिच्या बाजूला वळायचा. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एप्रिलच्या सामन्यात लोक वंदनेलाच उभे राहून रडले.

सामना कुणी बंद केला नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. नियमात चूक काढता येणार नाही. आजारी माणसं वस्तीतही असतात. पण जो खेळ बारानंतर रंगात यायचा त्याला दहाला उठायला सांगितलं, तेव्हा वंदना आणि पाहुण्यांचे सत्कार एवढंच उरलं. आता हार-शालींतच दहा वाजतात.

कोरस

मागं बसलेले चौघे. धोतर किंवा जुनी पँट, गळ्यात मफलर, हाताचे तळवे लाल. ध्रुवपद उचलायचं, टाळी धरून ठेवायची, गायक खोकला तर आवाज भरून काढायचा. दिवसा त्यातला एक हमाली करायचा, एक शाळेत शिपाई. हँडबिलावर 'आणि सहकारी'. आता यंत्रात एकच आवाज चारदा चढवला की कोरस होतो. तो खोकत नाही.

गाण्याचं पुस्तक

माळेगावच्या यात्रेत, लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या, घोडे-गाढवं-उंटांच्या बाजारातून पलीकडं गेलं की रस्त्यावर गोणपाट पसरून चोपड्या विकायला बसलेले असायचे. रुपया-दोन रुपये. पिवळट कागद, मधोमध एक टाचणी. भीमगीतं, वाघ्या-मुरळीची गाणी, आराध्यांची गाणी, लग्नातली उखाण्यांची पुस्तकं, सगळं एकाच गोणपाटावर. चालीच्या जागी छापलेलं असायचं, 'चाल: प्रल्हाद शिंदे यांच्या अमुक गाण्याची'. स्वरलिपीची गरज नव्हती. ते गाणं येत नाही असं गिऱ्हाईक तिथं फिरकतच नव्हतं.

छपाईच्या चुका भयंकर असायच्या. काही चुका तशाच पाठ होऊन गाण्यात मुरल्या.

सेल

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-उस्मानाबादकडं त्या दिवशी शहर ओस पडतं आणि माणूस शेतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, बिंदग्यात आंबील, भज्जी, उंडे. शेतात वीज नाही, म्हणून टेपमध्ये सहा मोठे सेल घालून तो डोक्यावरच्या पाटीत जेवणाबरोबर जायचा. दुपारपर्यंत सेल दमायचे आणि प्रल्हाद शिंदे खर्जात जायला लागायचे. विठ्ठलाला हाक मारणारा माणूस पेंगुळल्यासारखा. मग मामा सेल काढून उन्हात दगडावर ठेवायचा, आणि ते तापले की शिंदे पुन्हा आपल्या पट्टीत. दोन-तीन गाण्यांपुरते.

आजोळी शेत बेताचंच, वतनातलं, कोरडवाहू. शेजारच्या मळ्यातूनही टेपचा आवाज यायचा आणि बहुतेक वेळा तिकडंही तेच. एकदा तर दोन्हीकडं एकच गाणं लागलं, एक ओळ मागं-पुढं. मळेवाल्या पाटलानं बांधावरून आंबीलीचा तांब्या पुढं केला. वरून ओतला, ओंजळीत. तेही सांगून ठेवतो.

पोपट

ऐंशीच्या दशकात प्रल्हाद शिंद्यांच्या लेकाचा, आनंद शिंद्यांचा 'नवीन पोपट' आला आणि वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरपासून सर्कशीपर्यंत दुसरं काही वाजेना. बापाच्या गळ्यात आर्जव, लेकाच्या गळ्यात चावटपणा. आमच्या आत्यानं घरात पोपटावर बंदी घातली आणि स्वतः भाकऱ्या थापताना त्याच तालावर थापायला लागली. पुढं आनंद-मिलिंद या भावांनी भीमगीतांचेही ढीग लावले. वस्तीत त्यांचा मान त्यामुळं. पण शाळेतल्या मुलांना शिंदे म्हणजे पोपट, आणि या पोपटाचा बाप आपल्या देवळात पहाटे गातो हे सांगितलं की ती खोटं समजायची. मी पैजा लावून गोट्या जिंकल्या आहेत.

एवढं खरं की पोपट कॅसेटीनं मोठा केला. तबकडीच्या कंपनीला असलं गाणं गल्लीत किती खपेल याचा अंदाज आला नसता. स्वस्त कॅसेट निघाली आणि कुणाला काय आवडतं हे पहिल्यांदा गल्लीनं ठरवलं.

पारावरचा लिंब

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवले. आजोळी त्या रात्री पारावरचा भोंगा उशिरापर्यंत चालू होता. गणपतीची गाणी, त्यातली निम्मी शिंद्यांची. लोक दमून झोपले. पहाटे तीन छप्पनला भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, घरं झोपलेल्यांवर बसली. सरकारी आकड्यानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

आमचा मामा वाचला, कारण तो मिरवणुकीनंतर पारावरच, भोंग्याच्या मशीनपाशी आडवा झाला होता. लिंब उभा होता. भोंगाही लोंबकळत होता.

मग पुनर्वसन. नवं गाव कागदावर आखलेलं, सरळ रस्ते, घराभोवती अंगण, दोन रांगांत ऐसपैस अंतर. जुन्या गावात जे एका हाकेवर होतं ते आता सायकल काढायच्या अंतरावर गेलं. बौद्धवाडाही सोयीनं एका कडेला आखलेला. नव्या मारुतीवर नवा भोंगा बसवला. तो वस्तीपर्यंत पोचत नाही, आणि वस्तीचा तिकडं पोचत नाही. इंजिनिअरांच्या मनात तसं काही नसणार. पण जुन्या गावाला दाटीमुळं एकमेकांचं ऐकावं लागत होतं, ते या आखणीत सुटलं.

काळीपिवळी

औसा मोड ते गाव. मागं दहा, पुढं ड्रायव्हर धरून पाच, टपावर कोंबड्या. डेकला एकच कॅसेट, उन्हानं वाकडी झालेली. ड्रायव्हर मराठा, कॅसेट मुसलमान मेस्त्रीकडून आणलेली, गाणारे शिंदे. घाटात आवाज जायचा, खड्ड्यात यायचा.

२००४

१५ मे ला वामनदादा कर्डक गेले. २३ जूनला प्रल्हाद शिंदे. लिहिणारा आणि गाणारा दीड महिन्याच्या आत. वस्तीत दोन्ही वेळा अभिवादनाची सभा झाली. आजोळी मारुतीच्या पारावर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीचं गाणं लागलं. पुजाऱ्याला मामानं सांगितलं, "शिंदे गेले." पुजारी म्हणाला, "कोणचे शिंदे?"

मेमरी कार्ड

गोलाईतल्या त्या दुकानात नंतर सीडी आल्या, मग पाटी बदलली: मेमरी कार्ड भरून मिळेल. यादीची गरज संपली. दुकानदार 'भक्ती' नावाचं एक फोल्डर टाकायचा, 'जयंती' नावाचं दुसरं. ज्याला जे हवं ते. ए बाजू संपली की आपोआप बी बाजू ऐकायचा प्रसंग कुणावर येईना. आता तिथं मोबाईलच्या काचा बसवतात.

गाणी सगळी शाबूत आहेत, हे मान्यच करायला हवं. फोनवर दोन अक्षरं टाकली की शिंदे येतात, आमच्या कॅसेटीवर तुटलेलं गाणं पूर्ण येतं, आणि ज्या तबकड्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या त्याही येतात. फोन इतका शहाणा की एकदा भीमगीत लावलं की पुढं भीमगीतंच देत राहतो. पंढरी मागावी लागते.

यंदा जयंतीला आत्या नांदेडला होती. तिच्या गुडघ्यांमुळं मिरवणुकीला जाता आलं नाही, म्हणून गच्चीवर खुर्ची टाकून बसवली. खाली खोक्यांची भिंत सरकत होती, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. आदर्श शिंद्यांचं गाणं लागलं. २०१३ च्या 'दुनियादारी' सिनेमातल्या देवाच्या गाण्यामुळं पोरांना आदर्श ठाऊक, आणि भीमगीतांमुळं वस्तीला.

"कोन हाय ह्यो?" आत्यानं विचारलं.

"प्रल्हाद शिंद्यांचा नातू."

तिनं पदर कानावर घेऊन थोडा वेळ नीट ऐकलं. "गळा हाय की चांगला," ती म्हणाली. "मग मायकाच्या येवढं तोंडात कशापायी जायलंय ते? ह्येच्या आज्याला मायक लागत नव्हता म्हणावं."